मी केलो

माझ्या आठवणींचं हे प्रकरण मी स्वतःच टाइप करतो आहे, एका बोटानं, मुलानं घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर. वर नाव टाइप करून झालं आणि त्याखाली लगेच लाल रेघ उमटली. मशीनचं म्हणणं असं की ‘केलो’ चुकलं आहे, इथे ‘केले’ पाहिजे. आयुष्यभर इंग्रजीचा मास्तर म्हणून दुसऱ्यांच्या वह्यांत मी इतक्या लाल रेघा ओढल्या आहेत की रेघेचा मला तसा राग नाही. माझ्या हातून भले भले सुटले नाहीत, सरपंचाच्या पोराच्या लग्नपत्रिकेतलं इंग्रजीसुद्धा मी मांडवात उभा राहून दुरुस्त केलेलं आहे आणि बायकोनं त्यासाठी मला आठवडाभर सुनावलेलं आहे. पण ह्या एका शब्दाखालची रेघ मी खपवून घेणार नाही. मला ‘केलो’च म्हणायचं आहे. ते का, हे सांगण्यासाठी मला दहावीच्या वर्षाकडे, आणि त्याहून जास्त आमच्या घराकडे जावं लागेल.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूला, तलावाच्या खालच्या अंगाला. तलावाखाली बांध्या, म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, आखलेली धानाची लहान लहान शेतं, आणि बांध्यांना लागून घरं. घरात बाबा, माय आणि मी. थोरली बहीण लग्न करून चोरखमारा गावी दिलेली, ती सणासुदीला यायची आणि आमच्या तलावापेक्षा त्यांचा तलाव किती मोठा ते सांगून जायची. सकाळी उठलो की पहिला आवाज बैलांच्या गळ्यातल्या घाटीचा, दुसरा मायच्या मुसळाचा. दोन्ही आवाज थांबले की समजायचं, आता जेवण. सकाळचं जेवण म्हणजे रात्री पाणी घालून ठेवलेला बासी भात, मीठ, कांदा आणि भेदऱ्याची चटणी. भेदरं म्हणजे टमाटर, पण आमच्या अंगणातलं बारीक, आंबट, विस्तवावर भाजून मिरचीसोबत ठेचलेलं. हिवाळ्यात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, उकडलेल्या शेंगा, रोज संध्याकाळी लाखोळीची डाळ, आणि तलावावर कोणी जाळं टाकलं असेल त्या दिवशी मासोळी. पुढे मी गोंदियाच्या हॉटेलांत जेवलो, नागपूरच्या लग्नांत जेवलो, पण नव्या धानाच्या भाताचा घरभर सुटणारा वास मला त्या कुठल्याच ताटात सापडला नाही. हे मी पोरांना सांगितलं की ती एकमेकांकडे बघून हसतात. हसोत.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. बोलणं कमी, पण बोलले की ऐकणाऱ्याला दोनदा विचारावं लागत नसे. त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती, ती तेव्हा माझ्या लक्षातही आली नव्हती. काम केलं असेल तर बाबा सरळ सांगायचे: मी बांधी चिखललो, मी धुरा बांधलो, मी बैल धुतलो. पण काही बिघडलं, सांडलं, तुटलं, की त्यांची भाषा एकदम बदलायची. मग ‘मी’ कुठल्या कुठे गायब. दूध सांडल्या गेलं. दोर तोडल्या गेला. मायचं पाण्याचं नवं मडकं एकदा त्यांच्या खांद्यावरच्या नांगराचा धक्का लागून फुटलं, तर अंगणातून नुसता आवाज आला, ‘मडकं फोडल्या गेलं.’ जणू मडक्यानंच स्वतःचं काही बरंवाईट करून घेतलं. त्यावर मायचा चुलीपुढून ठरलेला प्रश्न यायचा, ‘कोनाच्यानं?’  बाबा गोठ्याकडे निघून जात आणि माय मला बघून डोळा बारीक करून हसे. हे इतकं रोजचं होतं की ह्यात व्याकरण आहे असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

शाळा आमच्या गावापासून चालत तासाभरावर. मराठी आणि इंग्रजी दोन्ही विषय पाठक सर शिकवायचे. ते पुण्याकडचे, एकटेच राहायचे, स्वतः स्वयंपाक करायचे. धोतर नेसत नसत, पण पँटलाही धोतरासारखं जपायचे. माणूस तळमळीचा होता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून त्यांच्याबद्दल कोणाचा गैरसमज व्हायचा. फळ्यावरचं त्यांचं अक्षर पुसायला आम्हाला जिवावर यायचं. आमची बोली मात्र त्यांच्या कानांना टोचायची. मी जाऊन राहिलो, काऊन मारून राहिला, कायले पाहिजे, हे त्यांनी पहिल्या महिन्यातच बंद पाडलं. पण सगळ्यांत जास्त चीड त्यांना ‘मी काम केलो’ची. एक दिवस त्यांनी ह्यावर नामी उपाय काढला. वर्गात कोणीही ‘केलो’ म्हटलं, ‘खाल्लो’ म्हटलं, ‘वाचलो’ म्हटलं, की उरलेल्या वर्गानं एका सुरात बरोबर शब्द म्हणायचा. एखादा पोरगा उठून म्हणाला, सर मी गृहपाठ केलो, की चाळीस गळ्यांतून ‘केला’ असा आवाज उठायचा आणि तो पोरगा कानापर्यंत लाल होऊन बसायचा.

आणि कारणही त्यांनी नीट समजावलं होतं. मी ग्रंथ वाचला. मी पोथी वाचली. मी पुस्तक वाचले. वाचणारा तोच, पण क्रियापद दरवेळी बदललं. मग क्रियापद कोणाच्या मागे चाललं आहे? तुझ्या मागे नाही, पुस्तकाच्या मागे. म्हणून हा कर्मणी प्रयोग. ‘मी पुस्तक वाचतो’ ह्यात ते तुझ्या मागे चालतं, म्हणून तो कर्तरी. मला हे फार आवडलं. क्रियापद कोणाच्या मागे चालतं ते शोधायचा मला नादच लागला. घरी बाबा ‘मी बैल धुतलो’ म्हणाले की मी मनात ‘धुतले’ म्हणायचो, आणि वर्गात सामूहिक दुरुस्तीच्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा. हे लिहिताना आज लाज वाटते. पण लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहिलं पाहिजे.

दहावीत इंग्रजीचं व्हॉइस सुरू झालं. सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं, घाबरू नका, हे तुम्ही मराठीत शिकलेलंच आहे. कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. पोरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मी तर खूषच झालो, कारण कर्तरी-कर्मणीत मला कोणी हात धरणारं नव्हतं. मी माझ्या पद्धतीनं निघालो. इंग्रजी वाक्य घ्यायचं, मनात मराठी करायचं, क्रियापद कोणाच्या मागे चालतं ते बघायचं. आय राइट अ लेटर, मी पत्र लिहितो. ‘लिहितो’ माझ्या मागे, म्हणून ॲक्टिव्ह. आय रोट अ लेटर, मी पत्र लिहिले. ‘लिहिले’ पत्रामागे, म्हणून पॅसिव्ह. चोख हिशेब. इंग्रजीत हे वाक्य भूतकाळात गेलं तरी ॲक्टिव्हच राहतं, हे मला समजायला काही मार्गच नव्हता. सरांनीच शिकवलेला नियम मी पाळत होतो, आणि तो इतक्या इमानदारीनं पाळत होतो की वर्गातला ढ पोरगासुद्धा अंदाजानं माझ्यापेक्षा जास्त बरोबर यायचा.

सहामाहीच्या पेपरात दहा वाक्यं होती, प्रयोग ओळखा आणि बदला. वर्तमानकाळाची सगळी बरोबर आली. भूतकाळात आलेलं प्रत्येक साधं वाक्य मी पॅसिव्ह ठरवलं. आता त्यांचं ॲक्टिव्ह कसं करायचं? ‘ही ब्रोक द पॉट’ ह्या वाक्यापुढे मी बराच वेळ डोकं लावलं आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहून टाकलं की ह्या वाक्याचा ॲक्टिव्ह होत नाही. सरांनी त्याच्या शेजारी लाल शाईनं एकच शब्द लिहिला होता, ‘आगाऊपणा’. त्या प्रश्नानं मला बुडवलं आणि इंग्रजीत मी नापास झालो.

त्या काळी आमच्या शाळेची अशी रीत होती की सहामाहीत इंग्रजीत जो उडाला त्याचा बोर्डाचा फॉर्म अडवून ठेवायचा, म्हणजे शाळेचा निकाल घसरत नाही. सरांनी चार नावं वाचली, त्यांत तिसरं माझं. वडिलांना घेऊन या, मग बघू, असं म्हणून त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली. घरी ह्याचा अर्थ काय ते मला पक्कं ठाऊक होतं. बाबांनी वर्ष सुरू होतानाच सांगून ठेवलं होतं की दहावी झाला तर पुढं शिकवीन, अटकला तर गोंदियाला मामाकडे, राइस मिलवर. मामा माणूस प्रेमळ होता, पण त्याच्या मिलवरचे लोक संध्याकाळी कोंड्यानं पांढरे होऊन बाहेर पडताना मी पाहिले होते, आणि त्या भुरकट पापण्यांतून बघणारा मी मला दिसत होता. फॉर्म अडला म्हणजे वर्ष गेलं, वर्ष गेलं म्हणजे शाळा गेली. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी रस्त्यात दोनदा बसलो.

दिवस भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाच्या कापणीचे होते. बांधीत उभा धान पिवळाजर्द झालेला, आणि एक जरी सर आली असती तरी सगळा आडवा झाला असता. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते विळ्याला धार लावतच राहिले. मारतील असं वाटलं होतं, तेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे बांधीवर गेले आणि मी एकटाच शाळेला गेलो. वाटलं, बाबांनी मनावर घेतलं नाही, आता मामा. दुपारच्या सुट्टीनंतर पाठक सरांचा तास चालू होता आणि दारात सायकल टेकवल्याचा आवाज आला. बाबा होते. अर्ध्या कापणीतून उठून तसेच आलेले. डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्यात धानाच्या काड्या, पायांना वाळलेला चिखल, आणि कमरेला विळा खोचलेला, तो काढून ठेवायचंही भान राहिलं नव्हतं. दारातून त्यांनी वर्गाला उद्देशून ‘राम राम जी’ म्हटलं. मी मान खाली घातली.

सर सभ्यपणे बोलले. म्हणाले, मुलगा हुशार वाटला होता, पण पेपरात काहीतरी वेड्यासारखं लिहून ठेवतो. घरी अभ्यासाला वेळ मिळत नसेल, शेतीच्या कामाला जुंपत असाल, तर फॉर्म पाठवून उपयोग नाही. बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते बोलले, माझ्या ऐकण्यात तोवर एका दमात इतकं पहिल्यांदाच.

‘काम तं मी करतो जी. नांगर मी धरलो.’

आणि चाळीस गळे ओरडले, ‘धरला!’

कोणाच्या मनात खोट नव्हती. सवय होती. हात आगीवर गेला की आपोआप मागे येतो, तसा तो आवाज आला. पण माझा गळा त्यात नव्हता, आयुष्यात पहिल्यांदा.  सरांनीसुद्धा हात वर केला, पण तोवर आवाज होऊन गेला होता. बाबांनी वर्गावरून एकदा नजर फिरवली. पोरं आपली चूक काढत आहेत हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना वाटलं, पोरांना शंका आहे. नांगर कोणीतरी दुसऱ्यानं धरला असं पोरं म्हणत आहेत. ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले,

‘नाही बाप्पा. दुसऱ्या कोनं नाही धरला. मीच धरलो. बांधी मी चिखललो, धुरे मी बांधलो. धान बी मीच कापून राहिलो. ह्याले मी एक दिवस बांधीत नाही उतरवलो. ह्याले म्हणलो, तू इंग्लिस कर.’

 मी मान वर केली. ‘दुसऱ्या कोनं नाही धरला’ हे शब्द माझ्या डोक्यात अडकून बसले होते. ‘धरला’ म्हटलं की बाबांना त्या शब्दात स्वतः दिसत नव्हते. त्यात नुसता नांगर दिसत होता, आणि मूठ धरणारा कोणीही असू शकत होता. ‘धरलो’ म्हटलं की त्यात ते पायांच्या चिखलासकट उभे होते. क्रियापद त्यांच्या मागे चालत होतं. भूतकाळात, काम होऊन गेल्यावरही, त्यांच्याच मागे चालत होतं. आणि इंग्रजीतलं ‘आय हेल्ड’ हे त्यांच्यासारखं होतं, सरांच्या ‘मी धरला’सारखं नव्हतं. मी उभा राहिलो. का उभा राहिलो, कोणाच्या परवानगीनं, काही माहीत नाही. मी म्हणालो, ‘सर, बाबांचं वाक्य ॲक्टिव्ह आहे.’

सरांना आधी वाटलं मी थट्टा करतो आहे. मग त्यांनी माझा चेहरा बघितला असावा. त्यांनी खडू पुढे केला. फळ्याजवळ जाताना मी बाबांच्या इतक्या जवळून गेलो की त्यांच्या अंगाचा कापलेल्या धानाचा वास आला, आणि त्या वासानं मला धीर आला, हे मी आज मोकळेपणानं सांगतो. मी मराठीत सांगितलं की आपल्याकडे ‘मी धरलो’ म्हणतात, ते ॲक्टिव्ह. सरांनी इंग्रजी विचारलं, मी लिहिलं, आय हेल्ड द प्लाव. ते म्हणाले, आता पॅसिव्ह कर.  मग मला मडकं आठवलं. मडकं फोडल्या गेलं. मी म्हणालो, ‘नांगर धरल्या गेला.’ सरांच्या तोंडून ‘धरला गे’ एवढं बाहेर पडलं आणि ते स्वतःच थांबले. ‘पुढे?’ ते म्हणाले. पुढे मायचा प्रश्न होता, कोनाच्यानं? माझ्याच्यानं. मी लिहिलं, द प्लाव वॉज हेल्ड बाय मी. ‘बाय’खाली मी रेघ ओढली. चुलीपुढून रोज विचारला जाणारा तो प्रश्न इंग्रज लोकांनाही पडतो हे बघून मला फार बरं वाटलं.

सरांनी पेपरातलं वाक्य टाकलं, ‘ही ब्रोक द पॉट’. आमच्या बोलीतही ‘तो’ आला की ‘त्यानं फोडलं’च होतं, म्हणून मी ‘ही’ला हटवलं आणि त्याच्या जागी मनात स्वतः उभा राहिलो. मी मडकं फोडलो. ‘फोडलो’ माझ्या मागे, म्हणून ॲक्टिव्ह. त्यांनी आणखी दोन दिली, तीन दिली. ‘शी’ असो की ‘दे’ असो, मी सगळ्यांना बाजूला सारून त्यांच्या जागी उभा राहत गेलो आणि एकही चुकलं नाही. मग सरांनी कपाटातून माझा पेपर काढला आणि टेबलाशी उभं राहून ते तो प्रश्न वाचू लागले, एकेका वाक्यावर बोट ठेवून. वर्तमानकाळ बरोबर, भूतकाळ उलटा, एकाचाही अपवाद नाही. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल होताना मला दिसली. शेवटी त्यांनी पेपर खाली ठेवला.

‘परसराम,’ ते म्हणाले, ‘तू माझं ऐकलंस म्हणून नापास झालास.’

एवढं कबूल करणारा मास्तर मला त्यानंतर आरशातही क्वचितच दिसला. त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून बाबांसमोर ठेवली. बाबा कपडे चिखलाचे आहेत म्हणून बसायला तयार नव्हते, शेवटी अगदी काठावर टेकले. मग सरांनी वर्गाकडे तोंड करून त्यांना विचारलं, ‘नांगर कोणी धरला म्हणालात?’ बाबांना कळेना, हेच हे सारखं का विचारतात. ‘मी धरलो जी,’ ते म्हणाले. वर्गातून हूं की चूं झालं नाही. बाबांच्या त्या ‘धरलो’नंतर पसरलेली शांतता मला आजही ऐकू येते, आणि मला नंतर मिळालेल्या सगळ्या शाली-नारळांपेक्षा मी ती वरच्या जागी ठेवतो. फॉर्मवर सरांनी तिथल्या तिथे सही केली. दुसऱ्या दिवसापासून वर्गातली ती सामूहिक दुरुस्ती बंद झाली. पेपरात ‘केले’च लिहायचं, घरी काय बोलता ते मी विचारणार नाही, असा त्यांचा नवा नियम झाला.

घरी बाबांनी मायला काहीच सांगितलं नाही, ते सरळ बांधीवर गेले होते, उरलेला धान कापायला. मीच चुलीपाशी बसून सगळं सांगितलं, बाबांचं वाक्य न वाक्य. मायनं ते ऐकलं, लाखोळीच्या डाळीला फोडणी दिली आणि बाबा हातपाय धुऊन येताच त्यांना विचारलं, ‘रोवणा तं आमी रोवलो. ते काऊन नाही सांगतलं?’ खरंच होतं. बाबांनी नांगर सांगितला, चिखल सांगितला, धुरे सांगितले, पण गुडघाभर पाण्यात वाकून एकेक रोप ज्यांनी लावलं त्या बायकांचं नावच घेतलं नव्हतं. बाबा ताटावर बसता बसता म्हणाले, ‘विसरल्या गेलं.’ मायनं भाताचा उंडा ताटात ठेवला आणि विचारलं, ‘कोनाच्यानं?’ मी असा हसलो की भात नाकात गेला. बाबाही हसले, गोठ्याकडे मात्र गेले नाहीत, कारण भूक लागली होती. मायचं ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी इंग्रजीत करून नेलं आणि सरांना दाखवलं. त्यांनी त्यावर लाल शाईनं बरोबरची खूण केली. ती वही वाळवीनं खाल्ली, नाहीतर मी ती चौकटीत लावली असती.

पुढे मी इंग्रजी घेऊनच शिकलो आणि इंग्रजीच शिकवलं. गोंदियाच्या कॉलेजात हिंदी बोलणारी पोरं होती, त्यांचीही गाडी ह्याच ठिकाणी अडायची, कारण ‘मैंने किताब पढ़ी’मध्येही क्रियापद किताबच्याच मागे जातं. त्यांना मी आमच्या बाबांचा नांगर देऊन मोकळं केलं. पुढच्या इतक्या वर्षांत व्हॉइसचा पहिला तास मी कधीच पुस्तकातून घेतला नाही. फळ्यावर आधी ‘मी नांगर धरलो’ लिहायचो. खेड्यातून आलेली पोरं, जी तोंड उघडायला भीत असायची, ती हे वाक्य बघून एकमेकांकडे बघायची, आणि मग हळूच एखादा म्हणायचा, सर, असं आमी घरी बोलतो. त्या वेळी त्यांची बसण्याची रीतच बदलायची. माझ्या वर्गातून व्हॉइस न समजता कोणी बाहेर गेला नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो, आणि ह्या एका बाबतीत मला नम्र होता येत नाही. गेल्या महिन्यात नागपूरहून नातीनं व्हिडिओ कॉलवर हाच धडा विचारला. मी तिला सांगितलं, कर्त्याच्या जागी स्वतः उभी राहा. ती म्हणाली, ‘पण आजोबा, मी तर ‘मी केलं’च म्हणते.’ खरं आहे, तिच्यापर्यंत ती बोली पोचलीच नाही. मग मी तिला नांगराची सगळी गोष्ट सांगितली. तिला आता पणजोबांचं वाक्य पाठ आहे.

राहिला दहावीचा निकाल. त्या दिवशी मी अर्जुनीला जाऊन निकाल बघून आलो. बस गावच्या फाट्यावर थांबली तर पानठेल्यापाशी बाबा आधीच येऊन उभे होते, बरोबर गावातले आठदहा लोक. मी उतरताच म्हणालो, पास. इंग्रजीतसुद्धा. बाबांनी मला जवळ घेतलं वगैरे नाही, तशी आमच्यात पद्धत नव्हती. त्यांनी दुपट्टा खांद्यावरून काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला, आणि लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, ‘मी पोराले पास केलो.’

लोक हसले. मलाही ते टोचलं. पहाटे उठून शब्दार्थ पाठ केले मी, तीन तास पेपर लिहिला मी, आणि श्रेय हे घेतात. नव्यानं आलेलं व्याकरण माझ्या अंगात मावत नव्हतं. मी सगळ्यांसमोर त्यांना दुरुस्त केलं. म्हणालो, ‘बाबा, मी पास झालो.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात चाळीस पोरांकडे बघितलं होतं तसंच, समजुतीनं.

‘तू झाला,’ ते म्हणाले. ‘केलो तं मी.’